ओळखलं का गुरुजी?

जुना विद्यार्थी भेटला की "ओळखलं का गुरुजी?" विचारतो, आणि मला नाव आठवत नाही. म्हणून नातीने, राजनंदिनीने, स्मार्ट चष्मा आणला. माजी विद्यार्थ्यांचे फोटो आणि नावं तिने त्यात भरली. समोर माणूस आला की चष्मा कानात नाव सांगतो.

कळमनुरीच्या बाजारात पहिला भेटला.

"विश्वंभर ना तू?"

"बराबर गुरुजी!" तो खूश झाला. बोलणं तिथेच संपलं. पाया पडून तो गेला. नंतरचे दोघेही तसेच गेले.

"चष्मा चुकला का, आबा?" नातीने विचारलं.

"एकदाही नाही."

आज वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीवर बसलो असताना एक टकलू गृहस्थ हसत येताना दिसला. मी घाईने चष्मा खिशात टाकला.

"ओळखलं का गुरुजी?"

"नाही रे."

"काहून हो? पाढे येत न्हाईत म्हणून खिडकीतून पळालेलं पोरगं! तुमी मागं मागं तांड्यावर आले, अन् मायनं तुमालाच भाकर वाढली!" तो शेजारी टेकला, दोन चहा सांगितले. "आता आठवलं?"

बाबूसिंग. नाव अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "अजून सांग."