पाच ज्यूल

"फिजिक्समध्ये एमएस्सी ना? मग सांग बघू," पोह्यांची बशी खाली ठेवत मुलाचे वडील म्हणाले. ताईच्या बाळाचा पाळणा छताला स्प्रिंगने टांगला होता. त्यांनी तिकडे चमचा रोखला. "बाळासकट पाच किलो, म्हणजे बल पन्नास न्यूटन. स्प्रिंग ताणली गेली वीस सेंटिमीटर. तिच्यात ऊर्जा किती साठली?"

मला बघायला आले होते की माझी तोंडी परीक्षा घ्यायला, देव जाणे. "पाच ज्यूल," मी म्हणाले.

"चूक! पन्नास गुणिले शून्य पॉइंट दोन, दहा!" साहेब निवृत्त कार्यकारी अभियंता. मला पकडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना.

"काका, बल पहिल्यापासून पन्नास नसतं. शून्यापासून वाढत जातं, म्हणून निम्मं धरायचं."

आईने मला डोळ्यांनी दटावलं. मी मुलाकडे पाहिलं. हा गाड्यांच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंग डिझाइन करतो, त्याचाच पगार घेतो. त्याने वडिलांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "बाबा म्हणतात तेच बरोबर आहे."

त्याच्या गाड्यांत बसणाऱ्यांचं देवच भलं करो.

मंडळी जिना उतरतात न उतरतात तोच त्याचा मेसेज आला. "उत्तर तुमचंच बरोबर होतं. बाबांसमोर बोलायला जमत नाही मला. माझा होकार आहे. तुमचा?"

मी लिहिलं, "माझा नकार. बाबांना तुमच्या तोंडानेच सांगा. आधी पाच ज्यूल, मग हा."