टाकीचं कुलूप

ट्रॅक्टरच्या डिझेल फिल्टरखालच्या काचेच्या वाटीच्या तळाशी पुन्हा पाणी होतं. वर पिवळसर डिझेल, खाली पाण्याचा थर आणि त्यात गंजाचे लाल कण. म्हाताऱ्याने वाटी उन्हात धरली आणि मग जावयाच्या नाकासमोर नेली.

"हे काय आहे, जावईबापू?"

"पाणी आहे, मामा."

"ते मलाही दिसतंय. आलं कुठून?"

नांगर जमिनीत रुतलेला होता आणि ट्रॅक्टर शेताच्या मधोमध बंद पडला होता. थंडी सुरू झाल्यापासून हेच चाललं होतं. जुना ट्रॅक्टर चार वेळा खोकायचा, धूर सोडायचा आणि गप्प व्हायचा. फिल्टर उघडावा तर आत चिखल. नवा बसवला की थोड्याच दिवसांत तोही चोंदलेला.

म्हाताऱ्याला चोर माहीत होता. फक्त रंगेहाथ पकडायचा राहिला होता. एकुलती एक लेक नवऱ्याला घेऊन याच घरात राहायला आली, तेव्हापासून संशयाचं भूत त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. पुरावा? जावई, आणि तोही घरात राहणारा! आणखी काय पुरावा हवा? हा रात्री डिझेल काढून विकणार, हे म्हाताऱ्याने ठरवूनच टाकलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी तो नळी लावून टाकी रिकामी करायचा. डिझेलचा कॅन स्वतःच्या पलंगाखाली, टाकीच्या झाकणाला कुलूप, शेडला कुलूप आणि दोन्ही किल्ल्या कमरेला. खोलीत इतका वास यायचा, की लेक चहाचा कप दारातूनच पुढे करायची. "बाबा, चुकूनही काडी ओढू नका हं, घरासकट उडाल," असं वर म्हणायची.

एवढा बंदोबस्त करूनही पाणी! म्हणजे गडी पक्का होता. चोरकिल्ली करून घेतली असणार. दिवसा नजर चुकवून टाकीतलं डिझेल काढायचं आणि तेवढंच पाणी ओतायचं. लोक दुधात पाणी घालतात, हा डिझेलात घालत होता.

"मामा, रात्री टाकी भरलेली ठेवत जाऊ," जावई म्हणाला. "थंडीत रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो. तेच पाणी खाली उतरतं. त्यानंच टाकी गंजतेय."

म्हातारा हसला. "वा! भरलेली ठेवू? आणि कुलूपही काढू? शेजारी एक रिकामा कॅन ठेवू का तुमच्या सोयीला?"

जावयाने हातातला पाना खाली ठेवला. आपटला नाही. "मामा, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मग कोणाला म्हणू? कुंपणच शेत खातंय. आजच्या आज माझ्या घरातून चालते व्हा."

संध्याकाळी बॅगा भरल्या गेल्या. दोन बॅगा. म्हाताऱ्याने एकच गृहीत धरली होती. जावई जाईल, चार अश्रू ढाळून लेक राहील, असा त्याचा अंदाज होता. तिच्याशिवाय त्या घरात त्याच्याशी बोलायला होतं कोण? पण ती चप्पल घालून दारात उभी राहिली.

"मीही याच घरात राहते, बाबा. माझी बॅग उघडून बघायची असेल तर आत्ताच बघा."

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर त्याने मनाची समजूत घातली. चोर गेला, हे महत्त्वाचं. पोर काय, आज रुसली, उद्या येईल. मग तो शेडमध्ये गेला. दुपारी ट्रॅक्टर ओढून आणून तिथे उभा केला होता. टाकीतलं डिझेल थेंबन् थेंब काढलं, नवा फिल्टर बसवला, काचेची वाटी पुसून कोरडी केली. झाकणाला कुलूप लावलं. शेडला लावलं. किल्ल्या कमरेला खोचल्या.

सकाळचा चहा त्याने स्वतःच केला. तो उतू गेला.

शेडचं कुलूप जागच्या जागी होतं. धुळीत फक्त त्याच्याच चपलांचे ठसे होते. आता बघू पाणी कुठून येतं, असं पुटपुटत त्याने टाकीचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आतून एक थेंब त्याच्या अंगठ्यावर पडला. त्याने हुंगून पाहिला. कसलाच वास नव्हता.

त्याने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कोणीही नव्हतं.

बॅटरी पेटवून आत धरली. टाकीच्या पत्र्याला आतून सगळीकडे थेंब लागले होते, शिजत्या भांड्याच्या झाकणाला लागतात तसे. गंजावरून एक ओघळ हळूहळू तळाकडे निघाला होता.

"गाढव," म्हातारा मोठ्याने म्हणाला. कोणाला, ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

त्याने पलंगाखालचा कॅन आणला आणि टाकीत ओतला. साठ्यातला दुसराही ओतला. मग एअर काढायला बसला. नवा फिल्टर बसवला, की आत अडकलेली हवा काढावीच लागते. एकाने या बाजूने पंप दाबायचा, दुसऱ्याने त्या बाजूला नट सैल करून बुडबुडे पाहायचे. म्हातारा पंप दाबत राहिला. बुडबुडे संपले की पलीकडून आवाज यायचा, "बास, मामा." आज तो आवाज आला नाही. तरी तो दाबतच राहिला, आणि मग त्याला रडू आलं.

त्याने डोळे पुसले, हात पुसले आणि लेकीला फोन लावला.

"आता काय चोरीला गेलं, बाबा?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने घसा साफ केला.

"जावईबापूंना सांग, टाकी काठोकाठ भरलीय. आणि कुलूप... कुलूप काढून विहिरीत टाकलंय."