मोकळी जागा

१९६३ साली इस्रायलमधल्या किर्यात गात गावच्या कापडगिरणीत पहिली पाळी करून दमलेले, महाराष्ट्रातून तिथे गेलेले एलिजा झिराडकर रोज वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. सगळे चेंडूमागे धावू नका, मोकळ्या जागेत थांबा, हे सांगून त्यांचा घसा बसला होता. "शुक्रवारची मॅच झाली की हे शिकवणं पुरे," बायकोला सांगितलंही होतं. मॅचच्या शेवटच्या मिनिटाला त्या पोरांपैकी दाविदने चेंडू एकट्या उभ्या असलेल्या एफ्राइमला दिला. समोर गोल रिकामा होता. एफ्राइमची किक हुकली, मॅच गेली. सगळे बसकडे निघाले, तो गोलजवळ रडत बसला. एलिजाअंकल पाय ओढत गेले, शेजारी टेकले. "मी पुन्हा खेळणार नाही," तो हिब्रूत म्हणाला. "अरे, चेंडू यायच्या आधी तू तिथे पोचलास," अंकल मराठीत म्हणाले. "तेच अवघड. किक रविवारी शिकवतो." एफ्राइमने डोळे पुसले आणि दोन्ही हात धरून अंकलना उठवलं.