रिकामं आकाश

खड्डा तिन्ही आलेखांत सारखाच खोल होता, आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती खुर्चीतून उठली, खिडकीपाशी गेली, पुन्हा येऊन बसली. बाहेर रेडिओ दुर्बिणीची मोठी तबकडी उन्हात तापत होती. चार वाजता शोधनिबंध पाठवायचा होता. पाच वर्षांचं काम, त्यावर पदवी, पदवीवर नोकरी.

निबंधाचं म्हणणं सोपं होतं. आकाशगंगेच्या मध्याजवळ वायूचे ढग असतात. मागून येणाऱ्या रेडिओलहरींतला थोडा भाग ढग गिळतो आणि आलेखात खड्डा पडतो. असा एक नवा ढग तिने शोधला होता. पण मागचा स्रोत प्रखर असेल तर खड्डा खोल हवा, मंद असेल तर उथळ. इथे तिन्ही स्रोतांना एकाच मापाचा. ढग कसला, रेशनचं दुकानच!

"यंत्राची खोड असेल, पाठवून टाक," तिचे मार्गदर्शक सर सकाळी फोनवर म्हणाले होते. सर म्हणतील ती पूर्व दिशा. त्यांची निम्मी कामं गेली दोन वर्षं तीच उरकायची, पण दिशा त्यांची.

शेवटी तिने बाबांना फोन लावला. तीस वर्षं ही तबकडी बाबांनी फिरवली होती. गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंत्राच्या खोडी त्यांनाच ठाऊक. बाकी ढगांतलं बाबांना काय कळतंय, असं तिला वाटायचं, आणि ते तिने कधी लपवलंही नव्हतं.

बाबा मटार सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"यंत्र ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तुमची रिकामी जागा रिकामी नाही."

तिने तिन्ही आलेख पुन्हा समोर ओढले. तबकडी आधी स्रोताकडे बघते, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि दुसरं पहिल्यातून वजा होतं. ती रिकामी जागा सरांनी फार पूर्वी ठरवून दिलेली. तिथेच एखादा ढग मंद उजळत असेल, तर वजाबाकीत सगळीकडे सारखाच खड्डा उरणार. म्हणजे शोधनिबंध संपला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"झाली की बरीच वर्षं. दुर्बिणीच्या रजिस्टरात लिहायचो ना."

"अहो बाबा, मग घरी बोलायचं तरी!"

"लिहिलं होतं गं. मला वाटलं, तुला माहीत आहे."

ती तोवर कपाटाशी पोचली होती. तिने रजिस्टरांचा गठ्ठा जमिनीवर ओढला आणि तळापासून सुरुवात केली. बाबांचं टपोरं अक्षर. 'रिकाम्या जागेत काहीतरी आहे. कृपया पाहावे.' चार पानांनी पुन्हा तेच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आणि प्रत्येक पानाखाली 'पाहिले' लिहून सरांची घाईची सही.

तिचं डोकं फिरलं. एका माणसाने इतक्यांदा सांगावं आणि दुसऱ्याने न वाचता सही ठोकावी! बाबांची तिला फार दया आली. ही रजिस्टरं सरांच्या टेबलावर आपटायचीच, असं ठरवून तिने शेवटचं, सगळ्यात नवं रजिस्टर उघडलं.

बाबांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. तेच टपोरं अक्षर, तेच वाक्य. खाली 'पाहिले', आणि पानापानावर तिची स्वतःची सही.