आषाढातली गाबोळी

"माणूस आणि समुद्र यांच्यातलं युद्ध या घरापुरतं आज संपलं!" शशिकांतरावांनी जाहीर केलं. "यापुढे इथे गाबोळी शिजणार नाही. आणि कोंबडी खाल्लीच, तर मोकळ्या रानात हिंडलेलीच खाऊ."

"आधी तुम्ही जरा गॅलरीत हिंडून या," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मला केर काढायचाय."

ते उठले नाहीत. पाय वर घेऊन सोफ्यावरच बसले. एवढा त्याग केल्यावर लगेच उठणं बरं दिसत नाही.

त्यागाला कारण नात. राजसी दर रविवारी बेलवलीहून अंबरनाथला आजीआजोबांकडे जेवायला येते. गेल्या रविवारी ताटात गाबोळी दिसली आणि तिने हात आखडला. "आजोबा, ही माशाची अंडी आहेत. पाण्यात राहिली असती तर किती मासे झाले असते! हे इथे शिजणार असेल, तर मी नाही येणार." पोरगी बोलते तशी वागते. हा दोष आमच्या घराण्यातला नाही, असं शशिकांतरावांचं मत आहे.

आठवडाभर ते नात आणि गाबोळी तोलत बसले. नात जिंकली. पण थोडक्यात.

"थँक्यू, आजोबा," आजही जेवायला आलेली राजसी म्हणाली. "जड जाईल ना तुम्हाला?"

"जड? अगं, आमच्या आईच्या हातची गाबोळी तू खाल्ली नाहीस. बाजारात मी कधी पाऊल टाकलं नाही, पण पानात पडली की एका घासात सांगेन, घोळीची की रावसाची. आषाढात बाहेर चिखल, आत ओल्या लाकडांचा धूर, आणि चुलीवर फडक्यात बांधलेली गाबोळी वाफवत ठेवलेली. मी झाकणाला हात लावला की आई चापट मारायची. म्हणायची, 'मासळीचं बाळ झोपलंय, उठेल.' मग रव्यात घोळून तव्यावर..." त्यांचा आवाज ओला झाला. त्यांनी तो खोकल्यात लपवला.

राजसीच्या कपाळाला आठी पडली. "पण आजोबा, आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात ना? नारळी पौर्णिमेपर्यंत. मग गाबोळी यायची कुठून?"

कुमुदिनीबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"आता तुम्ही गाबोळी सोडलीच आहे, तर सांगते. सासूबाईंना शब्द दिला होता, म्हणून इतकी वर्षं गप्प होते. डाळ असते हो ती. चण्याची. भिजवून भरड वाटायची, वासाला चिमूटभर सुक्या कोलंबीची पूड. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच शिकवली. म्हणाल्या, 'पोटुशीच्या पोटाला सुरी लावायची नाही, ही आपल्या घरातली रीत. पण शशीला सांगू नकोस. तो डाळीला शिवत नाही.'"

"म्हणजे गेल्या रविवारची..."

"डाळ."

राजसीने तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलत होते.

"आणि खरी?" शशिकांतरावांनी हळूच विचारलं. "खरी मी कधीच नाही खाल्ली?"

"खाल्लीत की. एकदा. आपल्या साखरपुड्याला, माझ्या माहेरी. चार माणसांत म्हणालात, 'ठीक आहे, पण आईच्या हाताची सर नाही.'"

आईची ती चापट आत्ताच बसल्यासारखं शशिकांतरावांनी मनगट चोळलं. मग घसा खाकरला.

"डाळ भिजवली आहेस?"

"कालच."

"मग वाटताना जरा बघून वाट. गेल्या रविवारी मला काटा लागला होता."