स्वयंपाकघराची जागा

शेतजमिनीवर घर बांधायचं तर आधी मातीची तपासणी होई. हाडसुद्धा उरलेलं नसलं, तरी तिथे कोण पुरलंय आणि ते कुणाचं, हे यंत्र सांगे. सुनावणीत अधिकारी शेटेबाईंनी अहवाल दोनदा वाचला. मग त्या समोरच्या वयस्कर जोडप्याला हळूच म्हणाल्या, "तुमच्या नकाशात जिथे स्वयंपाकघर आहे, तिथे एक तान्ही मुलगी पुरलेली आहे. तुमचीच."

दमयंतीबाई नवऱ्याकडे वळल्या. बाळ गेलं तेव्हा पुरुषच त्याला घेऊन गेले होते. आईला जागा सांगायची नाही, अशी रीत होती. त्या मात्र इतकी वर्षं विचारत आल्या होत्या.

"तुम्ही तर विसरलो म्हणायचात."

"सांगितलं असतं, तर रोज तिथे जाऊन बसली असतीस," विश्वंभरराव म्हणाले.

"मग आता तिथेच घर कशाला काढलंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "संध्याकाळी फिरायला जातो म्हणतो ना, ते तिथेच जाऊन बसतो. घरी तू एकटी राहतेस."

शेटेबाईंनी अहवाल मिटून नियम सांगितला. अवशेषांची माती दुसरीकडे हलवायची, की तिथेच ठेवून बांधायचं, हे आईवडिलांनी ठरवायचं होतं.

"तिला हलवायचं नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "पण तिच्या डोक्यावर शेगडी नको. स्वयंपाकघर दुसरीकडे सरकवा आणि ती आहे तिथे माझी झोपायची खोली काढा."