हस्ताचा वापसा

"अंगठा वर नको घेऊ वं. बोटांच्या बाजूनंच राहू दे," मोतीराम बांधावरून म्हणाला. त्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. इंजिन सुरू करताना याच हँडलनं उलटा फटका देऊन मनगट मोडलं होतं, तेव्हा उपदेश अनुभवाचा होता.

मनकर्णाबाईनं पदर कमरेला खोचला आणि हँडल गरगर फिरवलं. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि धडधडायला लागलं. नवऱ्याकडे बघून ती हसली.

पंचायत समितीकडून आलेलं हे दोन चाकांचं नांगरटीचं यंत्र उंद्री गावात पहिलंच. मागून चालत, दोन्ही मुठी धरून हाकायचं. हाकायचं मोतीरामानं आणि पुसायचं, तेल घालायचं, जाळी धुवायची मनकर्णाबाईनं, अशी घरातली वाटणी होती. पण हस्ताचा पाऊस पडून गेला होता, रानात वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला होता, आणि वापसा कुणाच्या हाडासाठी थांबत नाही. ओल उडाली की त्या काळ्या रानाचा दगड होतो. मग हरभरा कुठे पेरायचा?

शेजारच्या वावरात मोतीरामाचे थोरले भाऊ उत्तमराव वखर हाकत होते. त्यांनी बैल थांबवले आणि बांधापाशी आले. मनकर्णाबाईनं घाईनं पदर डोक्यावर घेतला. लग्न होऊन या घरात आल्यापासून भासऱ्यांशी ती एक शब्द बोलली नव्हती, ना ते तिच्याशी. तसा रिवाजच होता. जे काय सांगायचं ते मोतीरामामार्फत.

"मोतीराम, तिले सांग, रुमणं सोड म्हणा. बाईच्या जातीनं रुमणं धरलं, असं आपल्या खानदानीत झालं नाही."

"दादा, हा नांगर कुठं हाये? इंजन हाये."

"जमीन उलटते ना? मंग नांगरच. माही बैलं मोकळी झाली की देतो तुले."

"तवरीक ढेकळं होतीन, दादा."

निंदणं बाईचं, वेचणं बाईचं, तिफणीमागे सरत्यावर मूठ धरून बी सोडणंही बाईचंच. रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, तेवढी बाप्याची. मनकर्णाबाईला हे पाठ होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मोतीरामानं डाव्या हातानं 'चल' अशी खूण केली. तिला तो त्या क्षणी फार आवडला.

यंत्र निघालं. मागे माती भुसभुशीत होऊन पडू लागली. वरच्या सपाट तुकड्यात सगळं सुरळीत होतं. डावी मूठ दाबली की डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे. नाल्याकडचा उतार लागला तशी तिनं वळायला डावी मूठ दाबली, आणि यंत्रानं, बेट्यानं, उजवीकडे उसळी घेतली. सरळ उत्तमरावांच्या बांधावर.

"हो... हो... हो!" मोतीराम ओरडला. तीही जीव खाऊन "हो, हो!" करू लागली. बैल असते तर थांबले असते. इथे फक्त उत्तमरावांचे बैल पलीकडे कान टवकारून उभे राहिले. शेवटी तिला क्लचची मोठी दांडी आठवली, ती ओढली आणि यंत्र बांधाला नाक लावून थांबलं.

"उतारावर उलटं असते!" मोतीराम धापा टाकत म्हणाला.

"अजी, हे पह्यले सांगाले काय झालं होतं?"

"मलेही आत्ताच समजलं."

उत्तमरावांनी बांधाची ढासळलेली माती पायानं सारखी केली. तेवढंही तिला लागलं. तिनं यंत्र मागे घेतलं आणि उतारावर उलट्या मुठी दाबत पुन्हा सुरुवात केली.

दुपारी उत्तमरावांचा एक बैल वखर ओढता ओढताच बसला. खांदा सुजून टम्म झाला होता. त्यांनी वखर सोडला. अर्धं वावर तसंच पडून राहिलं.

दिवस कलला तेव्हा मनकर्णाबाईचं वावर झालं होतं. मोतीराम डिझेल आणायला गावात गेला होता आणि ती यंत्राच्या पात्यांना गुंडाळलेल्या मुगाच्या काड्या विळ्यानं कापून काढत होती. उत्तमराव आले. मोतीराम दिसला नाही, म्हणून जरा दूर बांधावर बसले. त्यांनी एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबून पाहिलं. अजून फुटत होतं. उद्या दुपारनंतर फुटलं नसतं.

बराच वेळ गेला. गावाच्या वाटेवर कुणी दिसेना. उत्तमराव उठले, खाकरले आणि इंजिनाकडे तोंड करून म्हणाले,

"उद्या सकायी माहं वावर वाहून द्याल काय?"

मनकर्णाबाईचा विळा थांबला. इतक्या वर्षांत पहिला शब्द, आणि तोही 'द्याल'! तिला गहिवरून आलं, आणि हसूही आलं. तिनं पदर आणखी पुढे ओढला आणि तीही इंजिनाशीच बोलली.

"देतो ना. पण तुमच्या वावरात मुगाच्या काड्या लय हायेत. पात्यायले गुंडाळतात. तेवढ्या येचून ठेवा."

सकाळी ती यंत्र घेऊन गेली तेव्हा धोतर खोचून उत्तमराव एकटेच वावरात वाकलेले होते. अजून दोन ओळी वेचायच्या राहिल्या होत्या. तिनं इंजिन बंद केलं नाही. मुठी धरून बांधावर त्यांची वाट पाहत उभी राहिली.